डिस्कविना चालणारे संगणक : शाळेच्या संगणक-कक्षाची एक सोयीची मांडणी

प्राथमिक शाळांतून संगणकाचा प्रवेश होऊन आता बराच काळ लोटला आहे. काही शाळांना ते शासकीय योजनेतून मिळाले, काहींना ग्रामपंचायतीने घेऊन दिले, तर काहींना नोकरीधंद्यानिमित्त बाहेरगावी गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आणून दिले. परंतु संगणक मिळणे ही एक गोष्ट आणि तो वर्षानुवर्षे चालता राहणे ही दुसरी गोष्ट, याचा अनुभव बहुतेक शिक्षकांना आलेला असतो.

अशी एक शाळा डोळ्यांसमोर आणावी. एका खोलीत दहा संगणक मांडलेले आहेत. पहिल्या वर्षी सारे सुरळीत चालते. दुसऱ्या वर्षी एकाची डिस्क बिघडते. कोणीतरी आणलेल्या पेनड्राइव्हमधून दुसऱ्यात व्हायरस शिरतो आणि तेथून तो आणखी तिघांत पसरतो. एखाद्या यंत्रावर मुलाकडून नको ती फाइल पुसली जाते. शिक्षक रविवार खर्ची घालून एक यंत्र दुरुस्त करतात, तो सोमवारी दुसरे बंद पडलेले आढळते. शेवटी ‘असलेले तरी सुरक्षित राहोत’ अशा विचाराने खोलीला कुलूप लागते. मग मुलांच्या वाट्याला संगणक येत नाही, संगणकावर घातलेले कापड तेवढे येते.

यात शिक्षकांचा दोष नाही आणि मुलांचाही नाही. दोष मांडणीचा आहे. दहा संगणक म्हणजे दहा स्वतंत्र बिऱ्हाडे आणि दहा चुली. प्रत्येक चुलीचे सरपण निराळे, राख निराळी आणि धूरही निराळा. या दहा बिऱ्हाडांचे एकत्र कुटुंब करून चूल एकच ठेवता आली तर गृहिणीचे श्रम पुष्कळ कमी होतील. संगणकांच्या बाबतीत हे करता येते. प्रत्येक यंत्रातील डिस्क काढून टाकावयाची, सर्व कार्यक्रम एकाच मुख्य संगणकात, म्हणजे सर्व्हरमध्ये ठेवावयाचे, आणि बाकीच्या यंत्रांनी चालू होताना केबलवाटे ते तेथून घ्यावयाचे. या पद्धतीचे स्वरूप, तिचे फायदे आणि तिच्या मर्यादा यांचा विचार येथे केला आहे.

कल्पना नवी नाही

डिस्कविना संगणक चालविण्याची कल्पना शाळांसाठी जन्मलेली नाही. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील विद्यापीठांतून व कंपन्यांतून अशी यंत्रे वापरात होती. त्या काळी डिस्क ही अतिशय महाग वस्तू होती. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने डिस्क नसलेली यंत्रे विकली आणि दूरच्या यंत्रातील फाइली आपल्याच असल्याप्रमाणे वाचण्याची ‘एनएफएस’ नावाची पद्धती १९८४ च्या सुमारास पुढे आणली. नव्याने जागे झालेल्या यंत्राला पत्ता व सुरुवातीची फाइल मिळावी म्हणून ‘बूटपी’ हा संकेत १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्याच पायावर पुढे ‘डीएचसीपी’ उभा राहिला. इंटेल कंपनीने ‘पीएक्सई’ या व्यवस्थेची २.१ ही आवृत्ती १९९९ मध्ये प्रसिद्ध केली आणि नेटवर्कवरून चालू होण्याची शक्ती साध्या संगणकांतही सर्रास येऊ लागली. त्याच वर्षी जिम मॅकक्विलन यांनी ‘लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट’, म्हणजेच ‘एलटीएसपी’, हा उपक्रम सुरू केला. ही प्रणाली विनामूल्य आहे. २०१९ मध्ये ती नव्याने लिहिण्यात आली. पुढील विवेचन याच प्रणालीला धरून आहे.

डिस्क आज पूर्वीइतकी महाग राहिलेली नाही. मग ही पद्धती कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, डिस्क स्वस्त झाली तरी शिक्षकाचा वेळ स्वस्त झालेला नाही.

यंत्र जागे कसे होते

कळ दाबल्यापासून पडद्यावर चित्र येईपर्यंत यंत्रात काय घडते, हे शिक्षकांनी एकदा नीट समजून घेतले पाहिजे. पुढे अडचण आली असता हेच ज्ञान उपयोगी पडते.

प्रत्येक यंत्रात, डिस्क असो वा नसो, एक लहानसा कायमचा कार्यक्रम कोरलेला असतो. त्याला बायोस किंवा नव्या यंत्रांत यूईएफआय असे म्हणतात. एरवी हा कार्यक्रम डिस्क शोधतो. त्याला ‘नेटवर्कवर शोध’ असे सांगून ठेवले तर तो केबलवर हाक मारतो. ही हाक चार पायऱ्यांनी पुरी होते. नवा विद्यार्थी वर्गाच्या दारात येऊन विचारतो, “येथे कोणी गुरुजी आहेत का? मला क्रमांक द्यावा.” गुरुजी म्हणतात, “तुला सतरावा क्रमांक देता येईल.” विद्यार्थी म्हणतो, “तर मग सतरावा मी घेतो.” गुरुजी म्हणतात, “ठीक, लिहून घेतला.” डीएचसीपीचे काम नेमके याच चार वाक्यांत चालते.

येथे दोन क्रमांकांतील भेद ध्यानात ठेवावा. यंत्राच्या नेटवर्क-कार्डावर कारखान्यातच घातलेला एक बारा अंकाक्षरी पत्ता असतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. तो शाळेच्या जनरल रजिस्टरातील क्रमांकासारखा आहे. वर्ग बदलला तरी तो बदलत नाही. डीएचसीपीने दिलेला आयपी पत्ता हा हजेरीपटावरील क्रमांकासारखा आहे. तो त्या त्या वेळी दिला जातो आणि पुढे बदलू शकतो.

पत्त्याबरोबरच यंत्राला ‘सुरुवातीची फाइल कोठे आहे’ हेही कळते. ती फाइल ‘टीएफटीपी’ या अत्यंत साध्या रीतीने आणली जाते. या रीतीची तुलना श्रुतलेखनाशी करता येईल. गुरुजी एक ओळ सांगतात, मूल ती लिहून “झाले” म्हणते, मगच पुढची ओळ येते. टीएफटीपीच्या मूळ नियमाप्रमाणे एक ओळ म्हणजे ५१२ बाइटचा एक तुकडा. म्हणजे १ मेगाबाइटच्या फाइलसाठी २,०४८ वेळा ‘झाले’ म्हणावे लागते. रीत सोपी असल्यामुळे ती लहानशा कोरलेल्या कार्यक्रमात मावते, पण मोठ्या कामासाठी ती मंद पडते. म्हणून पहिल्या काही फाइलींपुरताच तिचा उपयोग करतात. कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, यंत्राच्या स्मृतीत आला की पुढील सर्व वाचन एनएफएसच्या वेगवान मार्गाने होते.

एक पुस्तक आणि अनेक पाट्या

सर्व्हरमध्ये संपूर्ण कार्यप्रणालीची एक आटोपशीर, घट्ट बांधलेली प्रत तयार करतात. तिला ‘इमेज’ म्हणतात. वर्गातील सर्व यंत्रे हीच एक प्रत वाचतात. तिच्यावर लिहिण्याची मुभा मात्र कोणालाच नसते. कपाटातील एकच ग्रंथ सर्व मुलांनी वाचावा, परंतु खुणा करावयाच्या त्या आपापल्या पाटीवर कराव्यात, तशी ही व्यवस्था आहे. ही पाटी म्हणजे यंत्राची तात्पुरती स्मृती. मुलाने चुकून काही पुसले, काही मांडणी बिघडविली, तरी ते सारे पाटीवरच घडते. यंत्र बंद केले की पाटी कोरी होते आणि पुन्हा चालू केले की पहिल्यासारखे ताजे यंत्र समोर येते. व्यवस्थेच्या फाइलींत शिरलेली घाण दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही.

मग मुलाने काढलेले चित्र किंवा लिहिलेला निबंधही पुसला जातो काय? नाही. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाने सर्व्हरवर एक स्वतंत्र खाते व एक कप्पा असतो. मूल कोणत्याही यंत्रावर बसो, नाव व परवलीचा शब्द दिला की त्याचा स्वतःचा कप्पा त्याच्यापुढे उघडतो. ‘माझे यंत्र बंद आहे म्हणून माझे काम गेले’ ही तक्रार त्यामुळे उरत नाही. पाचवीतल्या मुलीने अर्धवट ठेवलेली गोष्ट तिला पुढच्या आठवड्यात दुसऱ्या यंत्रावर बसूनही पुरी करता येते.

या पद्धतीत हिशेब करण्याचे काम ज्या त्या यंत्राचा प्रोसेसरच करतो. सर्व्हर केवळ कपाटासारखा असतो. पूर्वी याहून निराळी एक पद्धती विशेष प्रचारात होती. तीत सर्व कार्यक्रम सर्व्हरवरच चालत आणि मुलांच्या यंत्रावर फक्त चित्र येई. त्यासाठी सर्व्हर फार बलवान लागतो. साध्या शाळेला पहिली पद्धतीच सोयीची पडते.

लागणारे साहित्य

सर्व्हर म्हणून वेगळे खास यंत्र लागतेच असे नाही. दहा यंत्रांच्या कक्षासाठी त्यातल्या त्यात नवे असे एक चांगले यंत्र, ८ जीबी स्मृती व एक विश्वासू डिस्क एवढ्यावर काम भागते. मुलांच्या यंत्रांना निदान २ जीबी स्मृती असावी. ४ जीबी असेल तर इंटरनेटवरील पाने पाहणे सुसह्य होते. एक गोष्ट मात्र आधीच तपासावी. सर्व्हरवरील प्रणाली ६४ बिटी असेल, तर फार जुनी ३२ बिटी यंत्रे तिची इमेज चालवू शकत नाहीत. देणगीत आलेल्या यंत्रांची डिस्क गेलेली असली तरी चालेल. प्रोसेसर व नेटवर्क-कार्ड मात्र ठीक हवे.

केबल व स्विच यांत काटकसर करू नये. याचे कारण साध्या अंकगणिताने कळते. समजा, पडद्यावर काम सुरू होईपर्यंत एका यंत्राला २०० मेगाबाइट मजकूर वाचावा लागतो. १०० मेगाबिट वेगाच्या केबलवरून सेकंदाला साडेबारा मेगाबाइट येतात, म्हणजे १६ सेकंद पुरतात. परंतु सर्व्हरची स्वतःची केबलही १०० मेगाबिटचीच असेल आणि दहाही मुलांनी एकदम कळ दाबली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला सव्वा मेगाबाइट येऊन तेच काम १६० सेकंदांवर जाईल. म्हणून स्विच व सर्व्हरचे कार्ड १,००० मेगाबिटचे, म्हणजे गिगाबिट, असावे. मुलांच्या यंत्रांची कार्डे १०० मेगाबिटची असली तरी निभावते. केबलची एक लांबी १०० मीटरपेक्षा अधिक नसावी. ती जमिनीवर मोकळी न सोडता पट्टीत बंद करावी, म्हणजे उंदीर व मुलांचे पाय या दोहोंपासून तिचे रक्षण होईल.

विजेची अनिश्चितता लक्षात घेता यूपीएस अवश्य हवा. तो एकच घेणे परवडत असेल तर सर्व्हर व स्विच यांना द्यावा. मुलांच्या यंत्रांत डिस्कच नसल्याने वीज अचानक गेली तरी त्यांच्यातील फाइली बिघडण्याचा प्रश्न येत नाही. फार तर न साठविलेले काम जाते. म्हणून दर पाच मिनिटांनी काम साठविण्याची सवय मुलांना लावावी.

मांडणीचा क्रम

१. प्रथम सर्व्हरवर उबुंटू किंवा डेबियन यांसारखी लिनक्स प्रणाली नेहमीच्या रीतीने बसवावी. मुलांना लागणारे सर्व काही याच एका यंत्रावर घालावे : मराठी टंक व इनस्क्रिप्ट कळफलक, लेखनासाठी लिबरऑफिस, चित्रांसाठी टक्स पेंट, लहान वर्गांसाठी जीकॉम्प्री. जे सर्व्हरवर दिसेल तेच पुढे सर्व यंत्रांवर दिसणार आहे.

२. त्यानंतर एलटीएसपी, पत्ते व पहिल्या फाइली देणारा डीएनएसमास्क, आणि एनएफएस ही अंगे बसवावीत. शाळेत इंटरनेटचा राउटर आधीपासून असेल तर तोही पत्ते वाटीत असतो. एका वर्गात दोघे गुरुजी क्रमांक देऊ लागले तर गोंधळ होणारच. अशा वेळी पत्ते राउटरलाच वाटू द्यावेत आणि डीएनएसमास्कला ‘प्रॉक्सी’ रीतीने ठेवून त्याच्याकडून केवळ सुरुवातीच्या फाइलीचा ठावठिकाणा सांगवावा.

३. विद्यार्थ्यांची खाती उघडावीत. खात्याचे नाव इयत्तेवरून न ठेवता जनरल रजिस्टर क्रमांकावरून ठेवल्यास दरवर्षी बदलावे लागत नाही.

४. इमेज तयार करण्याची आज्ञा द्यावी. यास काही मिनिटे लागतात. पुढे सर्व्हरवर नवा कार्यक्रम घातला की प्रत्येक वेळी इमेज नव्याने करावी लागते आणि यंत्रे बंद करून पुन्हा चालू करावी लागतात; नाहीतर मुलांना जुनीच प्रत दिसत राहते.

५. मुलांच्या यंत्रांपैकी एकच यंत्र प्रथम घ्यावे. चालू होताना बहुधा डिलीट, एफ-२ किंवा त्या कंपनीने ठरविलेली कळ दाबून बायोसमध्ये जावे, नेटवर्कवरून चालू होण्याची सोय जागी करावी आणि तिला पहिला क्रम द्यावा. नव्या यंत्रांत ‘सेक्युअर बूट’ हे बंधन बहुधा सैल करावे लागते. एक यंत्र निर्वेधपणे चालले म्हणजे मगच बाकीची लावावीत.

अडले तर कोठे अडले

यंत्र चालू झाले नाही म्हणजे सारेच बिघडले असे समजून घाबरू नये. ते कोणत्या पायरीवर थांबले हे पडद्यावरून ओळखावे.

पत्ता मिळण्यापूर्वीच थांबले असेल, तर केबल व स्विच पाहावा. कार्डाजवळचा लहान दिवा लागत नसेल तर दोष केबलचा किंवा खोबणीचा असतो. शेजारच्या चालू यंत्राची केबल लावून पाहिली की निर्णय लागतो. सर्वच यंत्रे येथे थांबत असतील तर दोष सर्व्हरकडे किंवा स्विचकडे आहे.

पत्ता मिळाला पण फाइल मिळाली नाही असे दिसले, तर सर्व्हरवरील टीएफटीपीची सेवा बंद आहे किंवा फायरवॉल तिला अडवीत आहे.

फाइली आल्या, पण पुढे मूळ कप्पा सापडत नाही असे यंत्र म्हणू लागले, तर एनएफएसची सेवा व इमेज तपासावी.

सर्व काही आले, पण विद्यार्थ्याचे नावच ओळखले जात नाही, ही अडचण जून महिन्यात हमखास येते. नव्या मुलांची खाती सर्व्हरवर उघडली, तरी त्यांची माहिती यंत्रांना सुरुवातीला मिळणाऱ्या एका लहान फाइलीत असते. एलटीएसपीमध्ये ही फाइल आज्ञा देऊन नव्याने तयार करावी लागते. नवे खाते उघडल्यावर ती आज्ञा देण्यास विसरू नये. एवढ्या एका विस्मरणामुळे नव्या मुलांना ताटकळत बसावे लागते.

मर्यादा ओळखून चालावे

एकत्र कुटुंबाची चूल विझली तर सारे उपाशी राहतात. या पद्धतीचा मोठा दोष हाच आहे. सर्व्हर बंद पडला की दहाही यंत्रे बंद. म्हणून दोन खबरदाऱ्या अपरिहार्य समजाव्यात. पहिली, मुलांच्या कामाची व इमेजची नक्कल दर आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क संगणक-कक्षात न ठेवता मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी. त्या नकलेवरून काम खरोखर परत मिळते की नाही, हेही सत्रातून एकदा करून पाहावे; न तपासलेल्या नकलेवर विसंबू नये. दुसरी, त्यातल्या त्यात बरे असे एक यंत्र राखीव सर्व्हर म्हणून आधीच निवडून ठेवावे.

ही व्यवस्था वायफायवर चालत नाही, असेच धरून चालावे. तिला केबल हवी. टॅब्लेटचा तिला उपयोग नाही. ज्या शाळेत दोनतीनच यंत्रे आहेत तेथे हा खटाटोप करण्याचे कारण नाही. तेथे प्रत्येकाची निगा राखणे सोपे. एखादा शैक्षणिक कार्यक्रम केवळ विंडोजवरच चालणारा असेल तर त्यासाठी एक यंत्र डिस्कसह वेगळे ठेवावे.

नोंदवहीचे महत्त्व

शेवटी जी गोष्ट सांगावयाची ती संगणकशास्त्रात मोडत नाही, पण तिच्यावाचून बाकी सारे व्यर्थ जाते. उत्साही शिक्षक कक्ष उभा करतो, मुले रमतात, आणि दोन वर्षांनी त्याची बदली होते. जाताना परवलीचे शब्द त्याच्या डोक्यात असतात. मागून आलेल्या शिक्षकाला कोणती आज्ञा केव्हा द्यावयाची हे माहीत नसते. पहिल्याच अडथळ्याला कक्ष बंद पडतो आणि पुन्हा कापड व कुलूप यांचे राज्य सुरू होते. यंत्रांत काहीही बिघडलेले नसते. माहिती तेवढी गावाबाहेर गेलेली असते.

म्हणून कक्षाची एक नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवावी. तीत सर्व्हरवर काय बसविले, इमेज केव्हा केली, कोणत्या आज्ञा दिल्या, कोणती अडचण आली व ती कशी सुटली, हे तारीखवार लिहावे. यंत्रांचे मॅक पत्ते व त्यांच्या जागा यांचा तक्ता असावा. परवलीचे शब्द मात्र वहीत न लिहिता मोहोरबंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे द्यावेत. कार्यभार देताना जनरल रजिस्टर व साठानोंदवही यांच्याबरोबर या वहीचीही नोंद व्हावी. शिवाय शाळेतील दुसऱ्या एका शिक्षकाने, निदान एकदा, वही समोर ठेवून कोणाच्या मदतीविना इमेज तयार करून पाहावी. त्याला जेथे अडखळावे लागेल तेथे वहीतील मजकूर अपुरा आहे असे समजून तो सुधारावा.

शाळेतील फळा आजवर कधी ‘बंद पडला’ नाही, कारण तो कसा वापरावयाचा हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. संगणक-कक्षही तितकाच सर्वांच्या हातचा झाला पाहिजे. दहा यंत्रांची निगा एका यंत्रावर आणली आणि त्या एका यंत्राचे ज्ञान एका वहीत आणले, तर कक्षाचे दार उघडे राहील, आणि शिक्षकाचा वाचलेला रविवार सोमवारच्या पाठाच्या तयारीला मिळेल.